स्लो कुकरमध्ये रात्रभर भात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्लो कुकरची, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याची, ओळख करून देणारा लेख वाचला. नोकरदार घरांना आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना या भांड्याचा खरोखरच उपयोग आहे, त्यामुळे विषयाची निवड आवडली. मात्र रात्री झोपताना तांदूळ व पाणी घालून कुकर मंद आचेवर लावावा म्हणजे सकाळी डब्यासाठी भात तयार मिळतो, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तो वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना अन्नशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. भाताच्या बाबतीत हा सल्ला चवीच्या दृष्टीने वाईट आणि प्रकृतीच्या दृष्टीने धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे यंत्र मुळात कशासाठी जन्मले, ते आधी पाहू. अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातील ज्यू घरांत शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, आदल्या दिवशी कडधान्य आणि मांस यांचे ‘चोलंट’ नावाचे कालवण बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर ठेवत असत, ही आईकडून ऐकलेली हकिगत त्यांच्या डोक्यात होती. पुढे १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आले आणि घरोघरी पोहोचले. म्हणजे चिवट मांस आणि टणक कडधान्य हे त्याचे खरे काम. तांदळाला इतका वेळ कधीच लागत नाही. आधण आल्यावर वैरलेला तांदूळ पंधरा-वीस मिनिटांत शिजतो, आणि शिजल्यानंतर पुढचे सात तास त्याचे फक्त वाटोळे होते.

तांदळातील पिष्ट वाणानुसार साधारण ५५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगते. स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या भिंतींभोवती असते, आतील चिनी मातीचे भांडे जाड असते आणि मंद खटक्यावर पाणी फार सावकाश तापते. त्यामुळे दाणा तासन्‌तास कोमट पाण्यात पडून राहतो, वरचा थर सुटून पाण्यात मिसळतो आणि गाभा मात्र कच्चाच असतो. सकाळी झाकण काढल्यावर कडेला वाळून तपकिरी झालेली खरवड, मध्ये फुटलेल्या शितांचा गोळा आणि झाकणाच्या काचेवरून ठिबकलेल्या पाण्याने वर चिकट झालेला थर, असे तीन प्रकार एकाच भांड्यात दिसतात. विजेवरचा राइस कुकर पाणी आटताच तळाचे तापमान शंभराच्या वर गेल्याचे ओळखून आपोआप बंद होतो. स्लो कुकरला हे कळण्याची सोयच नाही. त्यातला भात कधी झाला, हे घड्याळाने आणि शीत दाबूनच ठरवावे लागते.

चवीचे एक वेळ सोडून देता येईल, जिवाणूंचे सोडून देता येत नाही. ‘बॅसिलस सेरियस’ या मातीत आढळणाऱ्या जिवाणूचे बीजाणू तांदळाबरोबर स्वयंपाकघरात येतात आणि उकळल्यानेही मरत नाहीत. अन्न ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळले की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यातील काही प्रकार असे विष तयार करतात, की जे नंतर कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. लहान मुले, मधुमेही आणि वृद्ध यांना याचा त्रास अधिक होतो. आता विचार करा, की मे महिन्यात खोलीचे तापमान ३० अंशांच्या वर असताना तांदूळ पाण्यात घालून ‘पहाटे चार वाजता सुरू हो’ असा टायमर लावला, किंवा मध्यरात्री दोन तास वीज गेली, तर त्या भांड्यात काय होत असेल. बटणांचे डिजिटल स्लो कुकर वीज परत आल्यावर पुष्कळदा आपण होऊन सुरू होत नाहीत, आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. इडलीचे पीठही रात्रभर उबेत राहते, असे कोणी म्हणेल. तिथे आंबवणारे जिवाणू पिठात आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात इतर जिवाणूंना वाढणे अवघड जाते. नुसत्या तांदळाच्या पाण्यात हे संरक्षण नाही.

उरलेल्या भाताची गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची रीत आहे आणि ती मोडावी असे मला अजिबात वाटत नाही. पण मातीचे ते जाड भांडे बंद केल्यावरही बराच काळ कोमट राहते, म्हणजे नेमक्या त्या धोक्याच्या पट्ट्यात. म्हणून भात त्यात ठेवून झोपू नये. तो परातीत पसरून निववावा आणि तासा-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी फोडणी देताना वाफ येईपर्यंत परतावा, आणि गरम करण्यासाठी पुन्हा स्लो कुकर वापरू नये, कारण तो तापायलाच फार वेळ घेतो.

ज्यांच्याकडे दुसरी शेगडी नाही, किंवा गॅसजवळ उभे राहणे ज्यांना झेपत नाही, त्यांनी स्लो कुकरमध्ये भात जरूर करावा. मात्र तो दिवसा, जागेपणी आणि जास्त आचेवर करावा. सगळी मेख पाण्यात आहे, पाणी उकळतेच घातले पाहिजे. थंड भांड्यात ते एकदम ओतले तर भांडे तडकू शकते, म्हणून आधी गरम पाण्याने भांडे विसळून घ्यावे, आतून तुपाचे बोट फिरवावे, धुऊन निथळलेले तांदूळ घालावेत आणि मग केटलमधले पाणी ओतावे. जुन्या कोलमला पाणी दुप्पट लागते. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मुळातच मऊ, त्यांना पावणेदोन पट पुरे, आणि तांदूळ नवा असेल तर त्याहूनही थोडे कमी. वाफ बाहेर पडत नसल्याने गॅसवरच्या पातेल्याइतके पाणी येथे आटत नाही, हे लक्षात ठेवावे. झाकणाखाली स्वच्छ पंचा ताणून बसवला आणि त्याची टोके वर बांधून घेतली, की ठिबकणारे पाणी तो टिपून घेतो. दीड तासाने एकदाच झाकण काढून शीत दाबून पाहावे. वारंवार उघडल्यास साठलेली उष्णता जाते आणि वेळ वाढतो. दोन तासांत भात झालेला असतो. तो लगेच हलक्या हाताने मोकळा करून दुसऱ्या भांड्यात काढावा. दोघांपुरताच भात असेल तर साडेतीन लिटरच्या भांड्यात तळाला पातळ थर बसून कडा करपतात, तेव्हा तांदूळ-पाणी स्टीलच्या डब्यात घालून डब्याभोवती उकळते पाणी ठेवणे बरे.

विजेची बचत होते, असा जो दावा लेखात आहे, तो भातापुरता टिकत नाही. दोनशे वॅटचा स्लो कुकर दोन तास चालला तर ०.४ युनिट वीज लागते, आणि सातशे वॅटचा राइस कुकर पंचवीस मिनिटांत साधारण ०.३ युनिटमध्ये मोकळा होतो.

या भांड्याचे खरे वैभव मोकळ्या भातात नाही, ते पेजेत आहे, आणि लेखात तिचा उल्लेख नसावा याचे मला वाईट वाटले. कोकणात आणि गोव्यात ज्या उकड्या तांदळाची पेज करतात, तो तांदूळ सालीसकट उकडून मग वाळवून भरडलेला असतो. त्यातले पिष्ट आधीच एकदा शिजून घट्ट झालेले असल्यामुळे तो सहज फुटत नाही, आणि चुलीवर त्याला बराच वेळ जळण घालावे लागते. एक वाटी उकडा तांदूळ, नऊ-दहा वाट्या उकळते पाणी आणि जास्त आचेवर साडेतीन तास, एवढे केले की दाणा अखंड राहून आतपर्यंत मऊ होतो आणि वरची निवळ दाट होते. ढवळत बसावे लागत नाही, उतू जात नाही, तळाला लागत नाही. आजारी माणसासाठी किंवा दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी इंद्रायणीचा गुरगुट्या भातही यात उत्तम होतो. पूर्वी चुलीच्या वैलावर हेच काम होत असे. तेथेही पातेले आधी मुख्य चुलीवर रटरट उकळून मगच वैलावर सरकवत, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास बंगालमध्ये बनवलेला इकमिक कुकर घ्या किंवा पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा कांडीकोळशावरचा सराई कुकर घ्या, दोन्हींत अन्न सावकाश शिजते खरे, पण ते निखाऱ्यांवर तयार झालेल्या वाफेत.

एक इशारा राजम्याबद्दलही द्यायला हवा, कारण राजमा आणि तांदूळ एकत्र लावण्याची कृती लेखाच्या चौकटीत दिली होती. कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद तापमानाला नष्ट होत नाही. भिजवलेला राजमा पाणी बदलून निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय स्लो कुकरमध्ये घालू नये.

मुलांनी अमेरिकेहून आणलेले कुकर आपल्याकडे अनेक घरांत आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. तिकडची यंत्रे १२० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावली तर तार जवळजवळ पावणेचार पट तापते, जळते, आणि भांडे फुटण्याचा धोका असतो. पिन बदलणारा साधा अडॅप्टर येथे चालत नाही, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मरच लागतो.

आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून स्वयंपाक करणारे वाचक पुष्कळ आहेत. तेव्हा त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, रात्रभर भात ठेवण्याच्या सल्ल्याची आणि राजम्याच्या कृतीची दुरुस्ती छापावी, अशी आग्रहाची विनंती आहे. विक्रेत्यांनीही सोबतच्या पुस्तिकेत मराठी मजकूर द्यावा आणि ‘वॉर्म’ या खटक्यावर अन्नाचे तापमान नेमके किती अंश राहते, हे त्यात छापावे. ते ६० अंशांच्या वर राहत नसेल, तर त्या खटक्यावर भात ठेवू नये, असेही तेथेच लिहावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे