गच्चीवरच्या रेडिओ अँटेनाची खरखर : रविवारी सकाळी ६ला जमणे

सभासदांनो, येत्या रविवारी नागपुरात धरमपेठेत, नेहमीच्या गच्चीवर. उशीर नको, नऊनंतर मास्टला (अँटेनाच्या खांबाला) हात लावता येत नाही.

त्याआधी घरी एक तपासणी करूनच या. रिसीव्हर बॅटरीवर चालवा, मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा (हे हमखास राहतं). ७ मेगाहर्ट्झवरची खरखर थांबली तर दोष घरातच. मग एकेक एमसीबी चालू करत शोधा. बहुधा एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट), चार्जर नाहीतर कूलरची मोटर सापडते.

सोबत आणा :
– २.४ इंची, ३१ नंबर मिक्सची (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) फेराइट रिंग, केबलवरून येणारी खरखर अडवायला
– आरजी-५८ (कोअॅक्स) केबल, २ मीटर. रिंगवर १०-१२ वेढे, अँटेनाच्या फीड पॉइंटलाच (केबल अँटेनाला जोडतो तिथे)
– सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप). साधी काळी टेप उन्हात सुटते, मग पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये.

वीजतारांच्या बाजूने शिडी लावायची नाही.