मनू, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा, माणसं मरतात ती मूळ चुकीमुळे, नंतरच्या सारवासारवीने कोणी मरत नाही, मग लोक सरकारच्या चुकीपेक्षा लपवालपवीवरच जास्त का भडकतात? तेव्हा मला पटकन काही सुचलं नाही. नंतर बराच विचार केला, थोडं जुनं वाचून काढलं, म्हणून हे लांबलचक टाईप करतोय. एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल.

चूक बहुतेक वेळा गडबडीत होते. हिल्सबरो स्टेडियमचं घे. 15 एप्रिल 1989, इंग्लंडमधलं शेफिल्ड, फुटबॉलची सेमीफायनल. बाहेर भयंकर गर्दी झाली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, पण आत आलेली माणसं बोगद्यातून सरळ आधीच खचाखच भरलेल्या मधल्या भागात शिरणार, त्यांना बाजूला वळवायला हवं, हे कोणी बघितलंच नाही. 97 माणसं गेली, सगळ्यात लहान पोरगा 10 वर्षांचा. अक्षम्य आहे, मान्य, पण काही मिनिटांत झालेला प्रकार आहे. आता पुढचं बघ. लोक आत चिरडत असतानाच तिथल्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीच गेट फोडलं. गेलेल्यांच्या रक्तात दारू किती हे तपासलं, लहान मुलंसुद्धा सोडली नाहीत. आणि 2012 मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा कळलं की पोलिसांच्याच 164 जबाबांमध्ये मोठे बदल केलेत, त्यातल्या 116 मधून पोलिसांना अडचणीचा मजकूरच गाळलाय. एवढे जबाब काही गडबडीत बदलत नाहीत गं. कोणीतरी शांतपणे टेबलावर बसून ओळ न् ओळ वाचली असणार आणि ठरवलं असणार की ही राहू दे, ही काढ. त्यांच्या वरच्याला माहीत, टाईप करणाऱ्याला माहीत, सही करणाऱ्याला माहीत, आणि सगळे दुसऱ्या दिवशी परत कामावर.

गेलेल्यांना बेकायदेशीररीत्या मारलं गेलं आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, हे ज्युरीने सांगायला 2016 उजाडलं. म्हणजे 27 वर्षं त्या आईबापांनी पोराचं दुःख करायचं सोडून, आपला पोरगा दारू पिऊन धिंगाणा घालणारा नव्हता हे सिद्ध करण्यात घालवली. चुकीने त्यांचं माणूस नेलं, नंतरच्या लपवालपवीने त्या माणसाचं नाव पण खराब केलं, आणि हे करणारी यंत्रणा तीच जिच्याकडे तक्रार घेऊन जायचं असतं. मग जायचं कुठे? माणूस चूक करणाऱ्यावर चिडतो, पण इथे त्याच्या पायाखालची जमीनच सरकते, कारण यांनी आत्तापर्यंत सांगितलेलं बाकीचं तरी खरं होतं का, असा प्रश्न मागे जाऊन सगळ्यालाच लागतो.

आणि सारवासारवीने कोणी मरत नाही म्हणालीस ना, ते तर मला अजिबात मान्य नाही. चेर्नोबिलच्या अणुवीज प्रकल्पाचं आपल्याला एवढंच माहीत असतं की 26 एप्रिल 1986 च्या रात्री 1:23 ला स्फोट झाला आणि मग सोव्हिएत सरकारने लपवलं. पण लपवायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. त्याच प्रकारच्या रिअॅक्टरला 1975 मध्ये लेनिनग्राडला अपघात झालेला. 1983 मध्ये लिथुएनियातल्या इग्नालिना प्लांटवर चाचणी करताना दिसलं की कंट्रोल रॉड, म्हणजे रिअॅक्टर थांबवायच्या कांड्या, आत सोडले की सुरुवातीला पॉवर कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढते, म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडीने आधी वेग घ्यावा तसं. वरच्या काही लोकांना हे ठाऊक होतं, चेर्नोबिलला रात्रपाळीला बसलेल्या ऑपरेटरांना नव्हतं, आणि त्यांनी शेवटी तेच केलं, इमर्जन्सीचं बटण दाबून रॉड आत सोडले. 1986 च्याच ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला सोव्हिएत सरकारने जगासमोर जो रिपोर्ट ठेवला त्यात खापर मुख्यतः ऑपरेटरांवरच फुटलं, डिझाईनचा दोष किती मोठा होता हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नीट मांडलं ते 1992 ला. तेव्हा चूक आधी आणि पांघरूण नंतर, हा जो क्रम आपण डोक्यात धरतो तो नेहमी तसा नसतोच, आधीचं पांघरूणच पुढच्या अपघाताची तयारी करून ठेवतं.

नंतरचं तर तुला माहितीये. प्लांटशेजारच्या प्रिप्यात गावातली जवळपास 49 हजार माणसं हलवायला दीड दिवस लागला, तोवर पोरं बाहेर खेळत होती. स्वीडनमधल्या फोर्समार्क प्लांटवर 28 तारखेला किरणोत्सर्ग सापडला, त्यांनी विचारणा केली, तेव्हा कुठे संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. 1 मे ची परेड जवळच्या किव्ह शहरात ठरल्याप्रमाणे झाली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले ते 14 मे ला! लोक घाबरतील म्हणून सांगितलं नाही, हे कारण जगातलं प्रत्येक सरकार देतं आणि मला त्याचा भयंकर राग येतो. लोक घाबरायचे ते घाबरतातच, फक्त मग अफवा ऐकून घाबरतात. आणि एकदा असं झालं की नंतर तुम्ही खरोखर सुरक्षित असलेल्या भागाबद्दल सांगितलंत की इथे धोका नाही, तरी ऐकणार कोण? 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून जो अहवाल काढला, त्यातसुद्धा या अपघाताचा लोकांच्या आरोग्यावरचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणून मानसिक आरोग्याचं नाव घेतलंय.

आता तू म्हणशील, कबूल करून कोणाचं भलं झालंय? अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी, त्याचं झालं. एप्रिल 1961 मध्ये अमेरिकेने घडवून आणलेला क्युबावरचा बे ऑफ पिग्जचा हल्ला पार फसला, हजारावर माणसं पकडली गेली, आणि केनेडीने जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यानंतरच्या गॅलपच्या जनमत चाचणीत त्याची लोकप्रियता 83 टक्के! पण हे उदाहरण पण धुतल्या तांदळासारखं नाही हं, कारण त्याआधी अमेरिकेच्याच प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत रंग बदललेल्या विमानाचा फोटो दाखवून ही क्युबाचीच बंडखोर विमानं आहेत असं सांगितलं होतं, ते फुटल्यावर कबुली आली. आदल्याच वर्षी सोव्हिएत युनियनने अमेरिकेचं यू-2 हे हेरगिरीचं विमान पाडलं तेव्हा तर अमेरिकावाले हवामानाचं विमान होतं म्हणून सांगून बसले आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने पायलट जिवंत आहे असं जाहीर करून तोंडघशी पाडलं. हेरगिरी सगळेच करतात हे सगळ्यांना माहीत असतं, नाचक्की झाली ती थापेची.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. अमेरिकन अध्यक्ष निक्सनची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणापासून एक म्हणायची पद्धतच पडलीय की गुन्ह्यापेक्षा लपवणं जास्त नडतं. हे आपण म्हणतो कारण आपल्याला फक्त उघडी पडलेली प्रकरणं माहीत असतात. जी झाकली गेली ती गेलीच. म्हणजे खुर्चीवरच्या माणसाच्या बाजूने बघितलं तर लपवणं हा वेडेपणा नाही, बरेचदा पचतं, किंवा निदान तो रिटायर होईपर्यंत तरी पचतं. त्याची किंमत पुढच्या अधिकाऱ्याला मोजावी लागते, जो कदाचित प्रामाणिक असतो आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. म्हणून नुसतं 'खरं बोला, तुमचाच फायदा आहे' असं सांगून काही होत नाही, त्याचा तसा फायदा नसतोच.

म्हणूनच हिल्सबरोच्या कुटुंबांची मागणी मला महत्त्वाची वाटते. सरकारी लोकांवर खरं सांगायचं कायदेशीर बंधन हवं आणि जाणूनबुजून दिशाभूल केली तर शिक्षा हवी, असं ते वर्षानुवर्षं म्हणत होते, 2025 मध्ये तसं विधेयक ब्रिटिश संसदेत आलंय. तुझा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय, की शिक्षेच्या धाकाने लोक अजून गप्प बसतील. असू शकतं. विमान क्षेत्रात म्हणूनच उलटं करतात, वैमानिकाने स्वतःहून चूक कळवली की सहसा त्याला तिथे सूट मिळते. पण माझ्या मते दोन्ही एकत्र चालू शकतं, चुकीला सूट आणि जबाब बदलायला शिक्षा, कारण सध्या धाक आहे तो खरं बोलणाऱ्यालाच, त्याची बदली होते, प्रमोशन अडतं, आणि ओळी गाळणारा आरामात पेन्शन घेतो. नाही पटलं तर सविस्तर लिही, व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
बाबा