इंजिन घेताना आधी प्लेट बघा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

डिझेल इंजिनात इंधन पोचवणारा पंप आणि ते फवारणारी नोझल, यांच्या दुरुस्तीत माझी 31 वर्षं गेली. त्यातलं बरंचसं काम रस्त्यावर न धावणाऱ्या इंजिनांचं: जनरेटर, कॉम्प्रेसर, एक्स्कॅव्हेटर, क्रशर. गाड्यांच्या धुराबद्दल वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतं. या इंजिनांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात एका ठेकेदाराने जनरेटरचं सहा सिलिंडरचं इंजिन माझ्याकडे आणलं. परदेशातून आलेलं, रिकंडिशन केलेलं म्हणून त्याने ते विकत घेतलं होतं. लोड आला की काळा धूर, ही तक्रार. पंप उतरवण्याआधी मी नेहमीसारखी ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरची, माहितीची प्लेट शोधू लागलो, कारण मॉडेल आणि वर्ष कळल्याशिवाय पंपाचं सेटिंग कशावरून करणार? डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने बाजू पुसली, तर हाताला चार रिव्हेटची भोकं लागली. प्लेट नव्हती. भोकांच्या आतपर्यंत नवा रंग उतरलेला होता, म्हणजे आधी प्लेट काढली आणि मग रंग मारला. ठेकेदाराजवळ बिल होतं, आयातीचे कागद होते, शिक्केही होते. पण इंजिन कोणत्या वर्षी बनलं आणि धुराच्या नियमांच्या कोणत्या टप्प्यात पास झालं, याबद्दल त्या कागदांत एक अक्षर नव्हतं.

ती प्लेट म्हणजे कंपनीची जाहिरात नव्हे. अमेरिकेच्या अशा इंजिनांच्या धुराच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की ती अखंड असावी, काढायला गेल्यास फाटावी किंवा खराब व्हावी, आणि इंजिन चालायला जो भाग लागतो व जो सहसा बदलावा लागत नाही अशाच भागावर लावलेली असावी. आपल्याकडेही जनरेटरच्या इंजिनांसाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांत 2002 साली जी तरतूद झाली, तिच्यात जवळजवळ हेच आहे. बनवणाऱ्याइतकीच आयात करणाऱ्यावरही टाइप ॲप्रूव्हलची, म्हणजे इंजिनाचा नमुना तपासून मंजूर करून घेण्याची, जबाबदारी आहे, उत्पादन त्या नमुन्याप्रमाणेच असल्याची तपासणी वेगळी आहे, आणि टाइप ॲप्रूव्हलचा नंबर इंजिनावर असायला हवा. थोडक्यात, कायदा करणाऱ्यांनी कारागिरासारखा विचार केला आहे. कागद हरवतो, इंजिन चार हातांतून फिरतं, ब्लॉक मात्र तोच राहतो.

आकड्यांत फरक किती, तेही सांगतो. अमेरिकेत 1996 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या टियर 1, म्हणजे धुराच्या नियमांच्या पहिल्या पायरीमध्ये, साधारण 100 किलोवॅटच्या इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा किलोवॅट-तासाला 9.2 ग्रॅम होती. टियर 4 च्या शेवटच्या पायरीत तीच 0.40 ग्रॅम झाली, म्हणजे तेविसावा हिस्सा. युरोपने आपल्या नियमांच्या पाचव्या टप्प्यात, स्टेज 5 मध्ये, काजळीच्या वजनावर न थांबता कणांची संख्याही मोजायला लावली: 19 ते 560 किलोवॅटच्या इंजिनांना किलोवॅट-तासामागे एक लाख कोटी कण, त्यापुढे नाही. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चौथ्या टप्प्याचे जनरेटर नियम 1 जुलै 2023 पासून लागू झाले, आणि 56 ते 560 किलोवॅटमध्ये नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा तिथेही 0.40 च आहे. तेव्हा प्लेट नसलेलं इंजिन घेणाऱ्याला आपण 9.2 वालं घेतोय की 0.40 वालं, हे समजायला मार्गच उरत नाही. दोन्ही इंजिनं रंग मारल्यावर सारखीच चकाकतात.

पळवाटांबद्दलही लिहायला हवं, कारण त्या मी टेबलावर उघडून पाहिल्या आहेत. पूर्ण इंजिन अडवलं जाईल या भीतीने हेड वेगळं, टर्बो वेगळा, पंप वेगळा अशी खोकी करून ‘सुटे भाग’ म्हणून माल येतो. यावर अमेरिकेच्या नियमातली एक व्याख्या मला फार पटते: ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) बसली की ते इंजिन झालं. बाकी काय लावलं आणि काय काढलं याला महत्त्व नाही. कोणत्याही मेकॅनिकला विचारा, तो हेच सांगेल. अशी एका ओळीची व्याख्या प्रत्येक बंदरावरच्या तपासणी अधिकाऱ्याच्या हातात हवी.

एवढा आग्रह कशाला, असं कोणी विचारेल. जागेवर चालणारं इंजिन एकाच ठिकाणी आठ-आठ, दहा-दहा तास धूर सोडतं आणि त्याच्या शेजारी तीच माणसं रोज उभी असतात. कामाच्या जागेवर मी जातो तेव्हा ऑपरेटर रुमालाने नाक पुसतो आणि रुमालावर काळा डाग उमटतो. त्याला ते नेहमीचं झालं आहे. मलाही पहिली अनेक वर्षं तसंच वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं. ती बातमी वाचल्यापासून बंद शेडमध्ये इंजिन चालू करून टायमिंग बघणं मी सोडलं. माझ्या हाताखालच्या पोरांनाही करू देत नाही.

नव्या इंजिनांबद्दल तक्रार असणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. काजळीचा फिल्टर, युरियाची टाकी, सेन्सर, कंट्रोल युनिट, हे सगळं आल्यावर आमच्यासारख्यांना कंपनीच्या स्कॅनरशिवाय हात लावता येत नाही. फिल्टर चोंदला आणि मशीन दोन दिवस उभं राहिलं, की मालक म्हणतो, काढून टाक ते सगळं. मी काढत नाही, पण काढून देणारे भेटतात. दुरुस्तीची माहिती आणि उपकरणं बाहेरच्या कारागिरांना मिळावीत, ही मागणी धुराच्या नियमांच्या बाजूचीच आहे. दुरुस्त होणारी वस्तू कोणी मोडून टाकत नाही.

अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच की आयातीच्या वेळी कागदाबरोबर प्लेटचा आणि ब्लॉकवर कोरलेल्या नंबराचा फोटो घ्या, आणि तो नंबर टाइप ॲप्रूव्हलच्या यादीशी जुळवून मगच माल सोडा. विकणाऱ्याने बिलावर तोच नंबर लिहावा. घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी एक ओलं फडकं हातात घ्यावं आणि ब्लॉकची बाजू स्वतः पुसून पाहावी.

त्या ठेकेदाराचं इंजिन अजून माझ्याकडेच उभं आहे. त्याने विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर आलं, ‘प्लेट हवी ना, करून देतो.’ करून दिलेली प्लेट मी लावणार नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. पंप उतरवून बाजूला ठेवला आहे, नोझल कागदात गुंडाळून डब्यात आहेत.

आपला,
डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचा एक कारागीर