वाघ, करकोचा आणि बोधिधर्म

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला कुंग फूवरचा लेख सांगलीहून भावाने मोबाइलवर पाठवला, वर ‘बघ, तुझा विषय’ अशी ओळ टाकून. लेख मनापासून लिहिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातली दोन विधानं वाचून गप्प बसवेना. पहिलं, ही विद्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून चीनला नेली, म्हणजे मुळात ती आपलीच. दुसरं, प्राण्यांच्या शैली म्हणजे प्राण्यांची नक्कल, आणि म्हणूनच मुलं लेखातल्या त्या दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिरात हसतखेळत शिकतात.

मी हाँगकाँगच्या काउलूनमध्ये राहते, लोकांचे हिशेब तपासण्याची नोकरी करते आणि काही वर्षांपासून संध्याकाळी कुंग फूच्या हुंग गार पंथातला ‘फू होक सेउंग यिंग’ हा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, शिकते आहे. फू म्हणजे वाघ, होक म्हणजे करकोचा (गोंदियाकडच्या वाचकांनी सारस म्हटलं तरी चालेल). क्लास एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर भरतो, कारण हॉलचं भाडं आता कुठल्याच सिफूंना, म्हणजे गुरूंना, परवडत नाही. शेजारी वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या आणि मार लागल्यावर चोळायच्या काढ्याचा उग्र वास, असा सगळा थाट.

नकलेचं आधी सांगते. सुरुवातीला वाघही नसतो आणि करकोचाही नसतो, असतो तो फक्त घोडा. सेइ पिंग मा नावाची बैठक. पाय खांद्यांपेक्षा चांगले रुंद, मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर, पाठ ताठ, आणि तसंच उभं राहायचं. सिफू मागून जाताना खांद्यावर हात टेकवून ‘दाय दी’ म्हणतात, म्हणजे अजून खाली. हाँगकाँगला आल्यावर माझ्या कानात पक्के बसलेले पहिले कॅन्टोनीज शब्द हेच. माझ्यासोबत एक कॉलेजचा मुलगा आला होता, त्याला लगेच पंजे मारायचे होते. महिन्याभरात तो दिसेनासा झाला.

मग हात सुरू होतात. याच बैठकीत तर्जनी उभी, बाकीची बोटं वाकवलेली, आणि हात छातीपासून इतक्या सावकाश पुढे न्यायचा की बघणाऱ्याला वाटावं ही बाई झोपली. हाताच्या कोपरापुढच्या भागाला इथे ‘किउ’ म्हणजे पूल म्हणतात, कारण समोरच्याच्या हाताशी पहिली गाठ तिथेच पडते. तो पूल आतून ताणून धरायचा, पण श्वास अडकवायचा नाही. या एका गोष्टीने मला जेवढं रडवलं तेवढं सी.ए.च्या परीक्षेनेही नाही.

वाघाचा पंजा आल्यावर आम्ही सगळे नवखे मांजरासारखं बोचकारत होतो. प्रत्यक्षात मार बसतो तो मनगटालगतच्या तळहाताने, हनुवटीखाली. वाकवलेली बोटं त्यानंतर चेहरा किंवा हात पकडायला. जोर खांद्यातून आणला तर सिफू नुसता पंजा धरून ढकलतात आणि आपण मागे जातो. तो टाचेतून, कमरेतून वर यावा लागतो. मग करकोचा. तोपर्यंत वाघाच्या ताणाने दंड दगड झालेले असतात, मांड्या थरथरत असतात, आणि अशा वेळी एका पायावर उभं राहून, पाच बोटांची टोकं एकत्र आणून चोच करायची आणि ती डोळ्याकडे किंवा कानशिलाकडे सोडायची. खांदे मोकळे नसले की चोच पोचत नाही, आणि खांदे मोकळे करायला गेलं की तोल जातो. हे दोन प्राणी एकाच फॉर्ममध्ये का बांधले असतील, ते मला इथे उभं राहून डगमगताना कळायला लागलं. वाचून कळलं नसतं.

एका हालचालीचं नाव ‘भुकेला वाघ मेंढी धरतो’, दुसरीचं ‘भुकेला करकोचा कोळंबी शोधतो’. दोघंही उपाशी का, असं मी सिफूंना विचारलं. म्हणाले, पोट भरलेल्याने कशाला हात उचलायचा?

पाच प्राण्यांची एक जुनी वाटणी आहे. ड्रॅगनने चित्त घडवायचं, वाघाने हाडं, बिबट्याने ताकद, सापाने श्वास आणि करकोच्याने शरीरातलं सत्त्व. सगळंच नक्कल असेल, तर ड्रॅगनची नक्कल कुणाला बघून केली हे लेखकांनी सांगावं.

वाघाची गोष्ट वेगळी, तो इथल्या लोकांनी खरोखर पाहिला होता. मार्च १९१५ मध्ये हाँगकाँगच्या शेउंग श्वेइ भागात आलेल्या वाघाने दोन पोलिसांचा बळी घेतला, एक इंग्रज आणि एक भारतीय, रतन सिंग नावाचा शिपाई. त्या वाघाचं डोकं पोलीस संग्रहालयात आहे. १९४२ मध्ये जपानी अमलात हाँगकाँगच्याच स्टॅन्ली भागात मारलेल्या वाघाचं कातडं तिथल्या तिन हाउ देवीच्या देवळात भिंतीवर लावलेलं आहे, धुराने पार काळवंडलेलं. मी ते मुद्दाम बघून आले. ‘वाघ’ म्हटल्यावर या लोकांच्या पोटात काय होत असेल, याचा थोडा अंदाज आला.

आता बोधिधर्म. तो भारतातून आला आणि चीनमध्ये ध्यानपरंपरेचा आद्य आचार्य मानला गेला, इथपर्यंत ठीक. त्याने चीनमधल्या शाओलिन मठाच्या भिक्षूंना व्यायाम आणि लढाई शिकवली, ही कथा मात्र ‘यिजिन जिंग’ नावाच्या ग्रंथावर उभी आहे. त्याची प्रस्तावना सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावावर असली, तरी तो रचला गेला १६२४ च्या सुमारास, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी. हे फक्त परदेशी टीकाकारच सांगतात असं नाही. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची चिरफाड केली आहे. शाओलिनमध्ये ७२८ सालचा शिलालेख आहे. त्यात भिक्षूंनी तांग राजवंशाला युद्धात केलेल्या मदतीची नोंद आहे, बोधिधर्माने शिकवलेल्या मुष्टियुद्धाची नाही.

न्यायाने सांगायचं तर आमच्या पंथाची स्वतःची कुळकथाही तशीच आहे. दक्षिणेतलं जळालेलं शाओलिन मंदिर, तिथून निसटलेला भिक्षू, त्याचा चहाचा व्यापारी असलेला शिष्य हुंग हेइ गुन. सिफू त्याच्याही नावाने उदबत्ती लावतात. पुरावा मागितला तर हसतात.

पण त्यानंतरची माणसं कथेतली नाहीत. आमच्या पंथाचे गुरू वाँग फेइ हुंग दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोउमध्ये ‘पो ची लाम’ नावाचा दवाखाना चालवायचे. १९२४ च्या दंगलीतल्या आगीत तो जळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. १९४९ पासून क्वान ताक हिंग या नटाने त्यांची भूमिका सत्तरहून अधिक चित्रपटांत केली, म्हणून आज त्यांचं नाव इथे घराघरात आहे. वाँग यांचे शिष्य लाम साय विंग (१८६१–१९४३) धंद्याने खाटीक, डुकराचं मांस विकणारे. त्यांनीच पुढे आमचा वाघ-करकोचा चित्रांसकट छापून पुस्तकरूपाने बाहेर आणला, नाहीतर तो गुरूच्या गच्चीवरून खाली उतरलाच नसता. त्यांचे पुतणे लाम चो हाँगकाँगमध्ये हाडं बसवायचे आणि हेच शिकवायचे. १९१० ते २०१२, शंभरी ओलांडून गेले.

वैद्य, खाटीक, हाडं बसवणारे. या माणसांनी दुकान बंद केल्यावर रात्री घासूनपुसून जे घडवलं, ते आपण एका ओळीत ‘मूळचं आपलंच’ म्हणून उचलायचं, हे मला हिशेबातल्या अफरातफरीच्या जवळचं वाटतं. उद्या एखाद्या चिनी वर्तमानपत्राने छापलं की कोल्हापूरचे मर्दानी खेळ, तो पट्टा, ती फरी-गदका, हे सगळं एक चिनी भिक्षू शिकवून गेला, तर तिथल्या तालमींतून आपल्याकडे किती पत्रं येतील? आणि ती फक्त पत्रंच असतील का?

उन्हाळी शिबिरांना माझा विरोध नाही. मुलं घाम गाळतात, मोबाइल सोडतात, चांगलंच आहे. फक्त त्याला शिबिर म्हणावं. दहाव्या दिवशी ‘व्याघ्रशैली पूर्ण’ असं प्रमाणपत्र हातात दिलं की पुढची दहा वर्षं कुणी घोड्यावर उभं राहायला तयार होत नाही. असं प्रमाणपत्र घेऊन आमच्या गच्चीवर आलेला एक मराठी मुलगा मी पाहिला आहे. बिचारा अर्ध्या मिनिटात खाली बसला. सिफूंनी त्याला चहा दिला.

शेवटची बाब छोटी आहे, पण दुरुस्त व्हावी. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘सर्पशैलीतील हस्तमुद्रा’ असं छापलं आहे. चित्रात पाचही बोटांची टोकं जुळलेली आहेत, म्हणजे ती करकोच्याची चोच आहे. सापाच्या हातात बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली असतात.

आपली,
एक वाचक
काउलून, हाँगकाँग (मूळ सांगली)