बापाला रजा मिळायला आईनं अंथरूणच धरायला पाहिजे काय?

मा. कामगार मंत्री साहेब, नमस्कार.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंट बघतो (बाईच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो), मिस्टर गोकुळ शिरगावात मशीन शॉपला. सकाळी हायवेला लागलं की मी पुण्याच्या अंगाला, ते बेळगावच्या.

गेल्या पावसाळ्यात पोरगीला शाळेत ताप भरला. फॉर्मवर पहिला नंबर ह्यांचा, तरी फोन मलाच आला. त्यात वीस तारीख, जीएसटी भरायचा दिवस, मी ह्यांना म्हटलं तुम्ही जावा, तर ह्यांनी हाफ डे मागितल्यावर सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "घरात बायको नाही काय रे?" त्यानंतर ह्यांनी कधी मागितलाच नाही. खरं सांगू, पुढं पुढं ते ह्यांनाही सोयीचं पडलं.

आता सुपरवायझरला काय बोलायचं, कायदाच तसा बोलतोय की. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, लै चांगलं झालं, पण बापाला खासगी कंपनीत कायद्यानं एक दिवस नाही. ५० माणसं असली की पाळणाघर पाहिजे म्हणे, आणि तिथं दिवसातनं चारदा जायची मुभा कुणाला, तर आईला. राज्य सरकारचा २०१८ चा जीआर तर वाचून बघा, १८० दिवसांची बालसंगोपन रजा सरकारी नोकरीतल्या बायकांना, आणि पुरुषाला कधी, तर बायको वारली किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली तर! केंद्राच्या २०२४ च्या सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ निघाली, ती काय उगाच निघाली?

आमच्याकडं तीस-चाळीस माणसांचे कारखाने ढीगभर, ते ५० च्या नियमात बसतच नाहीत. सामायिक पाळणाघर कायद्यात चालतं, मग एमआयडीसीत एक काढा ना, पहिल्या शिफ्टच्या आधी उघडणारं, आणि तिथं बापानं पोरगं सोडलं तर कुणी वळून बघू नये असं. आणि पोर आजारी पडलं तर वर्षाला थोडे दिवस पगारी रजा द्या, आई-बाप दोघांनाही, बापाचे दिवस बापानंच घ्यायचे, नाहीतर तेपण माझ्याच गळ्यात पडतील.

उद्या परत वीस तारीख आहे. पोरगीला कालपासनं सर्दी आहे, आणि ह्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की उद्या इन्स्पेक्शन आहे.

आपली,
शिरोलीतली एक अकाउंटंट