नाव न सांगता मदत करणाऱ्यांना

६ फेब्रुवारी हा मुलींच्या खतनाविरोधातला, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेविरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस. त्या दिवशी मुंबईत आमची आरोग्य-बैठक झाली. बोहरा समाजातल्या बावीसजणी आल्या. आम्ही तर पाचच कप चहा सांगितला होता.

नावं घेता येत नाहीत, तशी तुमचीच अट होती.

सगळ्यात आधी आभार त्या मासींचे, ज्यांनी आमचं पत्रक परत पाठवलं. ‘क्रूर’ या शब्दावर पेनाने जोरात काट मारलेली. “सातव्या वर्षी मला आईच घेऊन गेली. ती क्रूर नव्हती, तिच्याही आईने तेच केलं होतं,” म्हणाल्या. चूक आमचीच होती. मग गुजराती पत्रक त्यांनीच लिहिलं. त्यात साधं एवढंच: याचा शरीराला कसलाही फायदा नाही, रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुढे लघवीचा नि शरीरसंबंधांच्या वेळचा त्रास राहू शकतो.

ओपीडी संपवून आलेल्या डॉक्टरबाई दोन तास बसल्या. पाळी, अंगावरून जाणं, सगळं विचारून झाल्यावर कुठे खतनाचा विषय निघाला.

खोली देणाऱ्या चाचांनी शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि जिन्यावरच्या चपला गुपचूप आत घेतल्या, बाहेरून गर्दी कळू नये म्हणून. आम्हाला हे सुचलंच नसतं!

खतनाचा कायदेशीर प्रश्न २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या, म्हणजे जास्त न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. तो तिथे.

कोपऱ्यातल्या आजी शेवटपर्यंत गप्प होत्या. निघताना दोन पत्रकं मागितली, एक सुनेसाठी. आजी, तुमचेही आभार.