क्लब सोडला म्हणजे गद्दारी?

महोदय,

आवडता फुटबॉलपटू दुसऱ्या क्लबात गेला की लगेच ‘गद्दार’ ठरतो, याचं मला फार वाईट वाटतं. पोर्तुगालचा लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी रिअल माद्रिदला गेला. २००२ मध्ये बार्सिलोनाच्याच मैदानावर तो कॉर्नर किक घ्यायला आला, तर त्याच्या दिशेने डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. ही कसली निष्ठा?

अर्जेंटिनाचा गोल करणारा बातिस्तुता आठवा. संघ खालच्या श्रेणीत घसरला तरी तो फिओरेंतिना या इटलीतल्या क्लबातच राहिला. नऊ वर्षांनी रोमाकडे गेला आणि जुन्या संघावर गोल केला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याची फिओरेंतिनाची नऊ नंबरची जांभळी जर्सी तो गेला तेव्हा मी टाकून द्यायला काढली होती. हात धजावला नाही. आजही कपाटात घडी घालून ठेवली आहे.

– एक फुटबॉलप्रेमी